आधी रूळ, मग घुमट

मोठ्या कंपनीची भव्य कचेरी पाहिली की आपली नजर तिच्या घुमटावर खिळते. तिच्याआधी काय काय बांधून झाले, हे कोणी विचारीत नाही. या नेरळवरून मुंबईस जाणारी गाडी ज्या इमारतीपाशी थांबते, तिची हकीकत या दृष्टीने ऐकण्यासारखी आहे.

१८४९ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीशी करार झाला. भांडवल पाच लाख पौंड, आणि मार्ग केवळ ‘प्रायोगिक’. १६ एप्रिल १८५३ रोजी गाडी बोरीबंदराहून ठाण्यास गेली. १८५४ साली कल्याणला पोहोचली. १८५६ च्या मेमध्ये नेरळवरून खोपोलीपर्यंत आली. १८५८ साली घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे हा तुकडा सुरू झाला. मधला घाट तेवढा राहिला. उतारूने खोपोलीस उतरावे, पालखीत किंवा बैलगाडीत बसून घाट चढावा आणि वर दुसरी गाडी धरावी, असा तो प्रवास होता. गैरसोय खरी, परंतु तयार झालेला तुकडा घाटासाठी खोळंबला नाही. तो लागलीच भाडे मिळवू लागला.

घाटाचे काम मात्र भारी पडले. पहिल्या ठेकेदाराने १८५९ साली ते सोडले. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, येताच थोड्या दिवसांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालविला. पटकीने आणि अपघातांनी हजारो मजूर दगावले. १८६३ साली घाट खुला झाला.

आणि कचेरी? तिचे काम १८७८ साली, म्हणजे पहिली गाडी सुटल्यावर पंचवीस वर्षांनी निघाले. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार स्थानक व कचेरी मिळून ती इमारत १८८८ साली पुरी झाली. खर्च सुमारे सोळा लाख रुपये.

आधी रूळ, मग घुमट, हा क्रम शहाणपणाचा खराच. परंतु जोखीम कोणाची होती? भांडवलावर शेकडा पाच व्याजाची हमी सरकारने दिली होती. मिळकत कमी पडली की तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे तुमच्याआमच्या पणजोबांच्या शेतसाऱ्यातून भरली जाई. इमारतीच्या दर्शनी भिंतीवर नाना शंकरशेट, जमशेटजी जीजीभाई आदी संचालकांचे चेहरे कोरले आहेत, ते योग्यच. घाटातल्या मजुराचा चेहरा तेथे शोधू नये.

याउलट आपल्या गावची माथेरानची गाडी पाहा. १९०४ ते १९०७ या काळात पीरभॉय घराण्याने ती स्वतःच्या पैशाने बांधली. खर्च तोही सुमारे सोळा लाख!

आज कोठेही मोठ्या कचेऱ्यांचे संकुल ‘पहिला टप्पा, दुसरा टप्पा’ अशा पाट्यांनिशी उभे राहताना दिसले, तर दोन प्रश्न जरूर विचारावेत. पहिला टप्पा स्वतःच्या पायावर उभा राहील काय? आणि तो न राहिला, तर तूट कोणाच्या घरातून भरली जाईल?