पैस खांबाजवळ मॅट्रिक्स

'मॅट्रिक्स रेव्होल्यूशन्स' संपतो, पडद्यावर नावं सरकायला लागतात आणि मागे संस्कृत सुरू होतं. असत्यातून सत्याकडे ने, अंधारातून उजेडाकडे ने, ही बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना, तीही टेक्नोच्या ठोक्यावर. २००३ साली हॉलिवूडच्या एका महागड्या सिनेमाच्या शेवटी हे ऐकून आपल्या लोकांनी जे म्हणायचं ते म्हटलंच: हे तर आपल्याकडे आधीपासून आहे. जग म्हणजे माया, मॅट्रिक्स म्हणजे माया, विषय संपला.

मी हे वाक्य पहिल्यांदा इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर ऐकलं. तिथे हे तिन्ही सिनेमे एका सीनियरच्या हार्ड डिस्कवरून सगळ्या मजल्यांवर फिरायचे. तेव्हा मलाही ते पटलं होतं. पण 'आपल्याकडे' या शब्दात कोण कोण येतं, हे आता विचारावंसं वाटतं. मी नगर जिल्ह्यातला. २०२४ पासून कागदावर अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच. आणि 'जग खोटं आहे' या सोप्या उत्तराला मराठीतला सगळ्यात कडक नकार माझ्याच जिल्ह्यात, नेवाशात, लिहिला गेला अशी परंपरा आहे. लिहिणाऱ्याचं वय तेव्हा विशीच्या आतलं होतं.

आधी सिनेमा. पहिला भाग १९९९चा, म्हणजे जवळपास माझ्याच वयाचा. यंत्रांनी माणसांना द्रवाने भरलेल्या कोशांत झोपवून ठेवलंय, त्यांच्या डोक्याला तारा जोडल्यात आणि त्या तारांतून १९९९ सालातलं एक शहर त्यांना दाखवलं जातंय. निओ नावाच्या प्रोग्रामरपुढे मॉर्फियस दोन गोळ्या धरतो. निळी घेतली तर झोप चालू, लाल घेतली तर जाग. तो लाल घेतो. कथा एवढीच असती तर पंचवीस वर्षं कोणी तिच्यावर भांडलं नसतं.

या प्रश्नाची वंशावळ जुनी आहे. चीनमध्ये च्वांगत्सूला पडलेलं फुलपाखराचं स्वप्न, १६४१ साली देकार्तने कल्पिलेला सगळं खोटं दाखवणारा दुष्ट राक्षस, १९८१च्या पुस्तकात हिलरी पटनमने मांडलेला बरणीतला मेंदू. सिनेमात निओ चोरीच्या डिस्क लपवतो ते पोकळ पुस्तक ज्याँ बोद्रियारचं आहे. गंमत म्हणजे बोद्रियारला सिनेमा आवडला नाही. त्याचं म्हणणं साधारण असं, की मी खऱ्या-खोट्याची सीमाच पुसली गेलीय म्हणतो आणि तुम्ही मात्र खोटं जग आत, खरं जग बाहेर अशी स्वच्छ भिंत बांधून बसलात. म्हणजे प्लेटोची जुनी गुहाच. मला त्याचा आक्षेप रास्त वाटतो, निदान पहिल्या भागापुरता.

नेमका हाच आक्षेप घेऊन आता नेवाशाला या.

नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हायवेवर नेवासा फाटा लागतो. तिथून आत, प्रवरेच्या काठी गाव. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०मध्ये, इथे ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. रामदेवराव यादवाचं राज्य होतं. ज्ञानेश्वर बोलत होते, सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. ज्या खांबाला टेकून ते बोलले असं सांगतात तो दगडी 'पैस खांब' आजही आहे, आता त्याच्याभोवती मंदिर आहे.

ही भावंडं संन्याशाची पोरं. वडिलांनी संन्यास घेऊन पुन्हा संसार केला, म्हणून गावाने वाळीत टाकलेलं घर. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं आणि मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावं लागलं, असं परंपरा सांगते. यातला चमत्कारांचा भाग सोडा, बहिष्काराचा भाग पुरे आहे. अशा मुलाने 'हे जग खोटं आहे, यातून बाहेर पडा' असं लिहिलं असतं तर कोणी नावं ठेवली नसती. त्याच्याकडे कारणं होती. जगाला खोटं ठरवण्यासाठी लागणारा शब्दसाठाही त्याच्याकडे होता. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात मायेला नदी कल्पून केलेलं लांबलचक रूपक आहेच.

पण मग, निवृत्तिनाथांनी स्वतःचं असं काही लिही म्हटल्यावर, 'अनुभवामृत' आलं. आपण त्याला 'अमृतानुभव' म्हणतो. दहा प्रकरणं, सुमारे आठशे ओव्या. सातवं प्रकरण सगळ्यात मोठं आणि त्याचं नाव 'अज्ञानखंडन'. मी ते पहिल्यांदा अर्थासकट वाचलं तेव्हा कोणीतरी समोरच्या वकिलाची एकेक कागदपत्रं फाडतोय असं वाटलं.

वाद असा. तुम्ही म्हणता, आत्म्यावर अज्ञानाचा पडदा आहे, त्यामुळे खोटं जग दिसतं. ठीक. हे अज्ञान राहतं कुठे? आत्म्यात म्हणाल तर तो ज्ञानरूपच आहे, तिथे अज्ञान कसं राहील? बाहेर म्हणाल तर त्याच्याखेरीज दुसरं काही आहे असं तुम्ही मानतच नाही. बरं, अज्ञान आहे हे तुम्हाला कळलं कसं? कळलं असेल तर ते ज्ञानाने कळलं, मग अज्ञान उरलं कुठे? कळलं नसेल तर ते आहे असं म्हणता कशाच्या जोरावर? अंधार शोधायला दिवा घेऊन निघालात, तर जिथे जाल तिथे अंधार नसणारच.

पुढचं प्रकरण 'ज्ञानखंडन', आणि माझ्या मते खरा धक्का तिथे आहे. अज्ञानच नसेल तर ते घालवणाऱ्या ज्ञानाला काम काय? तेही काढून टाका. मॅट्रिक्सच्या भाषेत, सातव्या प्रकरणात निळी गोळी फेकली, आठव्यात लाल.

मग जे दिसतंय ते काय? ते पडदा नव्हे. चैतन्यच असं नटून स्वतःला बघतंय. नवव्या प्रकरणात एक दृष्टान्त आहे: डोंगर कोरून त्याच एका दगडातून देव, देऊळ आणि देवाचा परिवार घडवावा, तशी भक्ती. वेरूळचं कैलास लेणं पाहिलेल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. अभ्यासक या भूमिकेला चिद्विलास म्हणतात. भा. पं. बहिरटांसारख्यांनी ती शंकराचार्यांच्या मायावादापासून वेगळी आहे असं मांडलं. दुसऱ्यांना ज्ञानेश्वर शांकर परंपरेतलेच वाटतात, आणि मायानदी हा त्यांचा पुरावा आहे. भांडण मिटलेलं नाही. मी पुराव्यांच्या बाजूने पंडित नाही, पण 'अज्ञानखंडन' वाचून मी बहिरटांच्या बाकावर बसतो.

आता माझ्या धंद्यातलं सांगतो. आमच्याकडे कोड ग्राहकापर्यंत जाण्याआधी स्टेजिंगवर जातो. तो सर्व्हर म्हणजे खऱ्या मशीनवर चालणारं व्हर्च्युअल मशीन, त्यातले ग्राहक बनावट, पैसे बनावट. पण तिथे सापडलेला बग बनावट नसतो. तो बग बग असतो. 'हे सगळं व्हर्च्युअल आहे' म्हणून तिकीट बंद केलं तर मॅनेजर काय म्हणेल ते इथे छापता येणार नाही. व्हर्च्युअल असणं आणि खोटं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हेच डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाने २००३ साली, मॅट्रिक्सच्याच अधिकृत वेबसाइटसाठी लिहिलेल्या निबंधात मांडलं. समजा आपण खरोखर मॅट्रिक्समध्ये आहोत. म्हणून टेबल-खुर्च्या नाहीत असं ठरत नाही. त्या आहेत, फक्त तळाशी अणूंच्याही खाली बिट्स आहेत एवढंच आपल्याला कळलं. त्यांनी अमृतानुभव वाचला असेल असं मी म्हणत नाही, आणि दोघं एकच सांगतात असंही नाही. एकाच्या तळाशी बिट्स, दुसऱ्याच्या तळाशी चैतन्य. पण खालचं कळलं म्हणून वरचं खोटं ठरत नाही, हा नकार दोघांचा सारखा आहे.

हा नकार मला का लागतो? पुण्यात माझ्यासोबत राहणारा एक मित्र एमपीएससी करत होता. दुसऱ्यांदा यादीत नाव आलं नाही, त्या रात्री तो म्हणाला, "भाई, सगळं सिम्युलेशन आहे. टेन्शन कुणाचं घ्यायचं." पुढचे दोन महिने तो हेच म्हणत राहिला, घरचे फोन उचलणं बंद करून. तिकडे गावाला त्याच्या वडिलांची विहीर आटलेली आणि वस्तीवर टँकर चालू. टँकरच्या रांगेत उभ्या बाईला पाणी ही माया आहे असं सांगून बघा.

दुसरी तऱ्हा याहून वाईट. इंटरनेटवर 'लाल गोळी घेतली' म्हणजे आपण जागे, बाकीचे झोपलेले मूर्ख. बायकांचा द्वेष करणाऱ्या टोळ्यांनी हा शब्द उचलला. तो ज्यांनी जन्माला घातला त्या वाचोव्स्की बहिणी स्वतः ट्रान्स आहेत, आणि मूळ कल्पनेत तेच रूपक होतं असं लिली वाचोव्स्कींनी २०२०मध्ये सांगितलं. जग खोटं मानलं की त्यातली माणसं खोटी मानायला वेळ लागत नाही. पहिल्या सिनेमातही लॉबीतले पहारेकरी किती सहज गोळ्या खाऊन पडतात पाहा.

चमत्कारांची तुलना करा, फरक लगेच दिसेल. सिनेमात एक लहान मुलगा चमचा वाकवून दाखवतो आणि सांगतो की चमचा नाहीच. म्हणून तो वाकतो. आपल्याकडची गोष्ट चांगदेवांची: ते वाघावर बसून भेटीला आले, तर ही भावंडं भिंतीवर बसून सामोरी गेली. भिंत चालली, कारण भिंत आहे आणि तीही चैतन्यच आहे. १९४०मध्ये 'प्रभात'च्या 'संत ज्ञानेश्वर'मध्ये ती भिंत पडद्यावर आली. दिग्दर्शन दामले-फत्तेलालांचं, आणि ज्ञानेश्वर झाले होते शाहू मोडक, आमच्या नगरात एका ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले. नगरकरांनी हे जरा जास्त वेळा सांगायला हरकत नाही.

त्याच चांगदेवांची समाधी जिल्ह्यातच गोदाकाठी पुणतांब्याला आहे. त्यांनी कोरं पत्र पाठवलं, कारण मायना काय लिहावा तेच सुचेना. उत्तर आलं पासष्ट ओव्यांचं. त्यात आरसा आहे: आरशामुळे तोंड स्वतःला पाहतं, पण आरसा नसला तरी तोंड असतंच. निओ लाल गोळी घेतो तेव्हाही शेजारी आरसा असतो. तो हात लावतो, आरसा पाघळतो आणि त्याच्या अंगावर चढतो. तिथे आरसा म्हणजे फुटायचं कवच. पासष्टीत तो फोडायची गरजच नाही.

वाचोव्स्कींना हे नंतर उमगलं असावं असं मला तिसऱ्या भागावरून वाटतं. दुसऱ्या भागात आर्किटेक्ट निओला सांगतो की तू सहावा आहेस, बंड हाही आमच्या व्यवस्थेचाच भाग. शेवटी निओ बाहेरच्या, 'खऱ्या' जगात यंत्रं थांबवतो, आणि चाहत्यांना शंका येते की हेही मॅट्रिक्सच तर नाही? आपल्या नैयायिकांकडे याला नाव आहे, अनवस्था. एकदा बाहेर पडायला लागलात की थांबायचं कुठे ते ठरत नाही. मग तिसऱ्या भागात एका स्टेशनवर निओला एक कुटुंब भेटतं: राम-कांद्रा, कमला आणि त्यांची मुलगी सती. तिघंही प्रोग्राम. निओला कळेना, प्रोग्राम प्रेम कसं करेल? बाप शांतपणे सांगतो की प्रेम हा शब्द आहे, महत्त्व त्या नात्याला. मुलीसाठी त्याने सगळं पणाला लावलंय. या खोट्या माणसापुढे निओची लाल गोळी काही कामाची नाही. आणि सिनेमा संपतो तो मॅट्रिक्सच्या आत, सतीने निओसाठी काढलेल्या सूर्योदयावर.

म्हणून त्या प्रार्थनेपेक्षा मला तो सूर्योदय नेवाशाच्या जास्त जवळचा वाटतो.

पैस खांबावर एक शिलालेखही कोरलेला आहे. त्यात तत्त्वज्ञान नाही. करवीरेश्वराच्या देवळात अखंड दिवा जळत राहावा म्हणून तेलासाठी दरवर्षी द्यायच्या देणगीची ती नोंद आहे.