दाराबाहेरचे खेळाडू

१९ मार्च १९६६ रोजी टेक्सास वेस्टर्न महाविद्यालयाने अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यात केंटकी विद्यापीठाला ७२-६५ असे हरवले. विजेत्यांचे सुरुवातीचे पाचही खेळाडू कृष्णवर्णीय होते. केंटकीचा संघ संपूर्ण श्वेतवर्णीय. या सामन्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र त्यामागची संघबांधणी अधिक बोलकी वाटते. दक्षिणेतल्या बड्या विद्यापीठांचे संघ कृष्णवर्णीयांना दारे बंद ठेवून होते, तेव्हा प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स यांनी मेक्सिकोच्या सीमेवरच्या एल पासोत न्यूयॉर्क, डेट्रॉइट, गॅरी येथून मुले आणली. आपल्याला फक्त जिंकायचे होते, असे ते सांगत. त्या साध्या व्यवहाराने वर्णभेदाची किंमत गुणफलकावर मांडली. तरीही केंटकीच्या बास्केटबॉल संघाने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू घेतला, तो १९६९ मध्ये.