सिकलसेलची वेदना आणि लघुसाहाय्य

लघुसाहाय्य : धर्मादाय संस्था, देवस्थान, रुग्णालयातील मदतनिधी किंवा देणगीदारांचा गट यांनी रुग्णाला एखाद्या ठरावीक गरजेपोटी दिलेली, परतफेड नसलेली छोटी रक्कम किंवा वस्तू. शस्त्रक्रियेसाठी वा रुग्णालयाच्या मोठ्या बिलासाठी मिळणाऱ्या मदतीहून हे साहाय्य वेगळे आहे. दीर्घकाळ वेदना सोसणाऱ्या मुलांना आणि तरुणांना त्याचा विशेष उपयोग होतो, कारण त्यांचा खर्च एकदम येत नाही. तो थोडा थोडा आणि वर्षानुवर्षे येत राहतो. महाराष्ट्रात याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे सिकलसेल आजार. प्रस्तुत नोंद त्याच्या आधारे लिहिली आहे.

आजार आणि वेदना : तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी किंवा पुन्हापुन्हा येणारी वेदना दीर्घकालीन मानली जाते. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. हिमोग्लोबिनच्या रचनेतील एका बदलामुळे तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडताच विळ्याच्या आकाराच्या होतात, कडक बनतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, तर ही पेशी साधारण 10 ते 20 दिवसांत नष्ट होते. त्यामुळे रक्त कायम कमी राहते. रक्त न पोहोचलेला भाग असह्य दुखू लागतो. याला रुग्ण आणि डॉक्टर दोघेही ‘क्रायसिस’ म्हणतात. लहान बाळांचे हातपाय सुजतात; मोठ्या मुलांना पाठ, छाती, मांड्या आणि सांधे यांत कळा येतात. थंडी, ताप, अतिश्रम आणि पाणी कमी पिणे ही त्याची नेहमीची निमित्ते. वय वाढते तसे काहींच्या खुब्याचे हाड रक्ताअभावी झिजते आणि दुखणे रोजचे होते.

भारतात हा आजार 1952 मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये प्रथम नोंदला गेला. 1958 मध्ये नागपूरहून मध्य भारतातील आढळ प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट आणि नंदुरबार या पट्ट्यात त्याचे प्रमाण अधिक आहे. ‘एएस’ म्हणजे वाहक आणि ‘एसएस’ म्हणजे रुग्ण, ही अक्षरे तिथल्या अनेक घरांत परिचयाची आहेत.

खर्चाचे स्वरूप : हायड्रॉक्सियुरिया या औषधाने क्रायसिसची संख्या घटते. ते आणि फॉलिक ॲसिड सरकारी रुग्णालयांतून मोफत दिले जाते. सिकलसेलग्रस्तांना एसटीच्या भाड्यातही सवलत आहे. तरीही घरावर भार पडतो, तो या दोन सोयींच्या मधल्या जागेत. क्रायसिस रात्री दोनला आला की एसटी नसते. गावातून मुख्य रस्त्यापर्यंत आणि तिथून ग्रामीण रुग्णालयापर्यंत काळी-पिवळी किंवा कोणाची तरी जीप ठरवावी लागते. मुलीजवळ बसायचे म्हणून आईची मजुरी बुडते. औषधाचा तुटवडा असला की ते बाहेरच्या दुकानातून घ्यावे लागते. हायड्रॉक्सियुरिया सुरू असताना रक्ताची तपासणी ठरावीक अंतराने करावीच लागते आणि प्रत्येक तपासणी म्हणजे एक खाडा आणि एक प्रवास. यातला एकही खर्च कर्ज काढण्याइतका मोठा नसतो. म्हणूनच कुटुंब तो टाळते: या महिन्याची तपासणी पुढच्या महिन्यावर जाते, गोळ्या पुरवून पुरवून घेतल्या जातात आणि पुढचा क्रायसिस लवकर येतो.

आश्रमशाळेतील विद्यार्थ्याची हिवाळ्यातली सकाळ हे याचे जवळून दिसणारे रूप आहे. पहाटे गार पाण्याने आंघोळ, पातळ चादर, प्यायचे पाणी दूरच्या टाकीवर. इतर मुलांना ही केवळ गैरसोय. सिकलसेलग्रस्त मुलाला दुपारपर्यंत क्रायसिस आणण्यास एवढे पुरे होते. एक जाड ब्लँकेट, एक स्वेटर, गरम पाण्याचा थर्मास, शेकण्याची रबरी पिशवी आणि दप्तरात राहील अशी मोठी पाण्याची बाटली एवढ्या वस्तूंनी त्याचे शाळेचे कितीतरी दिवस वाचू शकतात. कोणत्याही विमा योजनेच्या यादीत या वस्तू नसतात.

मदतीची प्रचलित रूपे : महाराष्ट्रातील धर्मादाय मदत बहुतांशी मोठ्या बिलाभोवती बांधलेली आहे. सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवणे बंधनकारक आहे. ठोक बिलांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जाते. मुंबईतील प्रभादेवीच्या श्री सिद्धिविनायक मंदिर न्यासासारखी देवस्थाने वैद्यकीय मदत देतात. टाटा ट्रस्ट्ससारख्या संस्थाही वैयक्तिक वैद्यकीय साहाय्य करतात. यांसाठी सामान्यतः रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका लागते. वेदनेचे अंदाजपत्रक मात्र कोणी लिहून देत नाही.

लघुसाहाय्याच्या सर्वांत जवळ जाणारी जुनी व्यवस्था म्हणजे सार्वजनिक रुग्णालयांतील ‘पुअर बॉक्स’ निधी. वैद्यकीय समाजसेवक रुग्णाशी बोलून गरज ठरवतो आणि या निधीतून औषध, तपासणी किंवा साधन मिळवून देतो. इथे रुग्णाला ओळखणारा माणूस आणि पैसा एकाच इमारतीत असतात, हे या निधीचे बळ आहे. विदर्भात रुग्णांच्या संघटनांनी हीच ओळख गावपातळीवर नेली. नागपूरच्या सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाचे संपत रामटेके यांनी या रुग्णांसाठी दीर्घकाळ काम केले. 2018 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली.

परदेशात ब्रिटनमधील फॅमिली फंड हा या प्रकारचा नावाजलेला निधी आहे. थॅलिडोमाइड औषधाने अपंग जन्मलेल्या मुलांचा प्रश्न ऐरणीवर आला असताना, 1973 मध्ये सरकारी पैशातून तो स्थापन झाला आणि त्याचे काम राउन्ट्री न्यासाकडे सोपवले गेले. गंभीर आजारी आणि अपंग मुलांच्या घरांना तो धुलाई यंत्र, अंथरूण, सहलीचा खर्च अशी मदत देतो. आजारपणात घर चालवणे हादेखील उपचाराचाच भाग आहे, हे त्याने मान्य केले.

कायद्यातील स्थान : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, त्यांत सिकलसेल, थॅलसेमिया आणि हिमोफिलिया यांचा समावेश झाला. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू झाली. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट होते. मात्र केवळ वेदना हा त्या 21 मधील प्रकार नाही. दोन क्रायसिसच्या मधल्या काळात तरुण धडधाकट दिसतो. ‘काल तर खेळत होता’ हे वाक्य त्याला शिक्षकांकडून, मालकाकडून आणि कधी घरातूनही ऐकावे लागते. कागद मागत न बसता दुखण्यावर विश्वास ठेवणारी मदत म्हणून अशा तरुणाला लघुसाहाय्याचे मोल रकमेपेक्षा जास्त असते.

चांगल्या निधीची लक्षणे : अर्ज एका पानाचा, मराठीत किंवा तोंडी सांगता येईल असा असावा. निर्णय दोन-तीन दिवसांत व्हावा. क्रायसिसला समितीच्या पुढील बैठकीपर्यंत थांबता येत नाही. तीच गरज पुन्हा उद्भवल्यास पुन्हा मागण्याची मुभा हवी. आशा कार्यकर्ती, परिचारिका किंवा शिक्षक यांची शिफारस पुरेशी मानावी. पावती घ्यावी, पण मदत घेतानाचे छायाचित्र छापू नये. विशेषतः मुलींच्या बाबतीत, कारण आजार जाहीर झाला की लग्नाची बोलणी मोडतात. वेदनाशामक गोळ्यांसाठी मदत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यावी, कारण या आजारात मूत्रपिंडे आधीच नाजूक असतात आणि काही नेहमीच्या गोळ्या त्यांना अपाय करतात.

मर्यादा आणि मूल्यमापन : लघुसाहाय्य आजार बरा करत नाही आणि ते सरकारी सेवेची जागाही घेऊ शकत नाही. रुग्णालयात औषध नसणे हा दोष देणगीने झाकला जाऊ नये. निधीच्या नोंदवहीत एकाच गावातून औषधासाठी वारंवार मागणी येत असेल तर ती जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यापुढे मांडणे हे संस्थेचे कर्तव्य ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये मुलांच्या दीर्घकालीन वेदनेविषयी दिलेल्या मार्गदर्शनात शरीर, मन आणि सामाजिक परिस्थिती या तिन्हींचा एकत्र विचार करण्यास सांगितले आहे. पहिल्या दोहोंसाठी डॉक्टर आणि समुपदेशक लागतात. तिसऱ्यासाठी पुष्कळदा जीपचे भाडे आणि एक ब्लँकेट लागते. म्हणून या साहाय्याचे यश वाटलेल्या रकमेवरून मोजू नये. शाळेच्या हजेरीपटावर त्या मुलाच्या नावापुढे डिसेंबर आणि जानेवारीत किती दिवस हजेरी लागली, हे पाहावे.