अंदमानात मुक्काम कुठे करायचा?

तर मंडळी, आम्ही अंदमानला जाऊन आलो. फोटो मुलाने सगळ्यांना पाठवलेच आहेत. मला लिहायचंय ते जाण्याआधी घरात आठवडाभर चाललेल्या धुसफुशीबद्दल. विषय एकच, मुक्काम कुठे?

मुलाचा बेत असा की पाच रात्रींपैकी चार हॅवलॉकला आणि पोर्ट ब्लेअरला विमानापुरती एक. (हॅवलॉकचं नाव २०१८ मध्ये स्वराज द्वीप झालं आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये श्री विजय पुरम. माझ्या तोंडी अजून जुनीच नावं येतात, सवय जात नाही.) मी म्हटलं, "अरे, तीस वर्षं पोरांना काळं पाणी शिकवलं, आणि जेलला एक दुपार?" सूनबाई म्हणाली, "आई, पण सुट्टी आहे ही. खोलीतून समुद्र दिसायला हवा." शेवटी दोन आणि तीन अशी वाटणी झाली. तीन हॅवलॉकला.

गंमत अशी की हाच वाद इंग्रजांनीही घातला होता. १७८९ मध्ये आर्चिबाल्ड ब्लेअरने चॅथम बेटावर पहिली वसाहत केली. तीनच वर्षांत ती वर उत्तरेला हलवली. तिथे रोगराईने माणसं मरू लागली, तेव्हा १७९६ मध्ये गाशाच गुंडाळला. पुढे १८५७ च्या उठावानंतर कैदी ठेवायला जागा हवी झाली, तेव्हा ब्लेअरचंच जुनं बंदर निवडलं. १० मार्च १८५८ ला डॉ. वॉकर दोनशे कैदी घेऊन उतरला. आधी चॅथम, पण तिथे गोडं पाणी नाही, म्हणून रॉस बेट. रान तोडायचं काम अर्थात कैद्यांचं. पळालेल्यांपैकी जे सापडले, त्यातल्या ऐंशीहून अधिक जणांना वॉकरने एका दिवसात फासावर चढवलं. वर्गात मी हे कधीच सांगितलं नाही. आमच्या पाठात अंदमान सुरू व्हायचं ते थेट सावरकरांपासून.

नंतर साहेबांनी रॉसवर आपली छान सोय करून घेतली. चर्च, बेकरी, नाचघर, पोहण्याचा तलाव. १९४१ च्या भूकंपाने बेट हादरलं, कचेऱ्या समोर पोर्ट ब्लेअरला गेल्या, आणि १९४२ मध्ये जपानी आले. आज तिथे भिंती वडा-पिंपळाच्या मुळांनी धरून ठेवल्या आहेत आणि हरणं फिरतात. मुक्कामाला कुणी राहत नाही, संध्याकाळच्या आत बोटीने परत.

आणि रॉसच्या बरोबर समोर, समुद्रात शिरलेल्या उंचवट्यावर, सेल्युलर जेल. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं बांधकाम चाललं. मधल्या मनोऱ्यापासून निघालेल्या सात इमारती, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या, असं मी फळ्यावर काढत असे. आता तीनच उरल्यात. बाकीच्यांच्या जागेत सरकारी रुग्णालय आहे.

सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला. आत गेले. साडेतेरा फूट बाय साडेसात फूट, आमच्या स्वयंपाकघराहून लहान. दारात उभं राहिलं की गजांतून दिसते शेजारच्या इमारतीची पाठ. एका कैद्याला दुसऱ्याचं तोंड दिसू नये म्हणून सगळीच रचना तशी. मागच्या भिंतीला झरोका, पण इतका उंच की माझी नजर काही तिथवर पोचेना. बाबाराव आणि तात्याराव, सख्खे भाऊ, एकाच आवारात होते आणि एकमेकांना दिसत नव्हते, हे मी किती सहज सांगून पुढच्या धड्याकडे वळत असे!

बाहेर गच्चीवर आले तर तिन्ही बाजूंनी निळा समुद्र. हॉटेलवाल्याला द्या ही जागा, सोनं करील. इथे जवळजवळ सातशे खोल्या बांधल्या, पण समुद्र दिसावा म्हणून एकही नाही. नात म्हणाली, "आजी, चल ना, ऊन लागतंय." मला काही बोलता येईना.

हॅवलॉकला बोटीने दोनेक तास लागले. खोली समुद्रासमोरचीच मिळाली, सूनबाई खूश. मीही खूश, खोटं कशाला बोलू? तिथल्या गावांची नावं गोविंदनगर, विजयनगर, राधानगर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने १९५० च्या दशकात इथे आणून वसवलं. कुठे राहायचं, हे त्यांनाही फारसं कुणी विचारलं नसावं. आता त्यांच्या सुपारीच्या बागांमधून रिसॉर्टच्या पाट्या दिसतात. संध्याकाळी राधानगरच्या किनाऱ्यावर नात पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हती.

नागपूरच्या मंडळींनी विचारलंय म्हणून सांगते. दोन्हीकडे राहा, पण पोर्ट ब्लेअर आधी ठेवा. आणि जेलच्या जिन्याला पायऱ्या बऱ्याच आहेत, माझ्यासारखे गुडघे असतील तर सकाळी लवकर जा.