लांकडावरील रंग आणि जुनेपणाचें सोंग

नवें सामान जुनें दिसावें म्हणून मुद्दाम श्रम करावेत, ही गोष्ट मागील पिढ्यांना विचित्र वाटली असती. तथापि विसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्य देशांत हीच अभिरुचि रूढ झाली. 1989 मध्यें रेचल ॲशवेल यांनीं कॅलिफोर्नियांतील सांता मोनिका येथें झिजक्या, रंग उडालेल्या सामानाचें दुकान उघडलें. 1990 मध्यें इंग्लंडांतील ॲनी स्लोन यांनीं या कामास सोयीचा खडूमिश्रित रंग सिद्ध केला. कृति सोपी आहे. प्रथम गडद रंगाचा हात द्यावयाचा. तो वाळला कीं कडांवर आणि मुठींभोंवतीं मेणबत्ती घांसून वर फिका रंग लावावयाचा. मेणावर रंग धरत नाहीं. त्यामुळें शेवटीं कांचकागद फिरविला कीं तेथील रंग सुटतो आणि खालचा रंग डोकावूं लागतो. पन्नास वर्षांची झीज अशी एका दिवसांत तयार होते.

आपल्याकडील लांकूड रंगविण्याची परंपरा नेमकी उलट्या दिशेची. जिंतूर 1948 पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानांत होतें, त्याच संस्थानांत निर्मल हें गांव होतें. 1956 च्या प्रांतरचनेनें जिंतूर मुंबई राज्यांत आलें व निर्मल आंध्रांत गेलें. आज तें तेलंगणांत आहे. पोनिकी या हलक्या लांकडाचीं तेथील खेळणीं आणि रंगविलेलें सामान प्रसिद्ध आहे. चिंचोक्यांच्या खळीनें लांकडाचे सांधे व खांचा बुजवून त्यावर रंग चढविला जातो. वस्तु निर्दोष दिसावी, हाच त्यांतील हेतु.

महाराष्ट्रांत हीच दृष्टि सावंतवाडीच्या चिताऱ्यांची. गंजिफाच्या वाटोळ्या पानांवर चिंचोक्यांची खळ आणि खडू यांचा थर देऊन तो घोटावयाचा, त्यावर चित्र काढावयाचें, आणि लाखेच्या लेपानें पान टिकाऊ करावयाचें. दशावतारी गंजिफाचीं पानें 120, मोगली गंजिफाचीं 96. छापील पत्ते आले आणि हा खेळ मागें पडला. 1970 च्या सुमारास ही कला लोपण्याच्या बेतांत होती. तेव्हां शिवरामराजे भोंसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनीं उरल्यासुरल्या वृद्ध कारागिराकडून ती समजून घेतली व राजवाड्यांतच कामाला जागा दिली. गंजिफाचीं चित्रें पुढें पेट्या, पाट, खुर्च्या यांवरही उतरलीं. 2024 मध्यें सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकन मिळालें.

खडू दोन्हीकडे तोच. चितारी त्यानें लांकडाचें व्यंग झांकतो. आधुनिक रंगारी त्याच्या साह्यानें व्यंग निर्माण करतो. नव्या मेजावर हें सोंग चढविल्यास कोणाचें नुकसान होत नाहीं. परंतु तोच कांचकागद घरांतील जुन्या पेटीवर फिरला, तर गोष्ट निराळी होते. खरी झीज हाताच्या मागोमाग जाते: झांकणाच्या ज्या कोपऱ्याला रोज बोटें लागलीं तोच कोपरा उघडा पडतो, आणि जेथें कधीं हात पोंचला नाहीं तेथें रंग शाबूत राहतो. पेटी कोठें ठेवलेली होती, कोणत्या बाजूनें उघडली जात असे, किती वेळां रंगविली गेली, हें सारें त्या थरांवरून वाचतां येतें. एका दुपारच्या घांसकामांत हा लेख पुसला जातो आणि त्याच्या जागीं सर्व कडांवर सारखीच, कोणाच्याही हाताची नसलेली झीज येते.

दुसराही धोका आहे. पूर्वीच्या अनेक रंगांत सफेता, म्हणजे शिशाचा पांढरा रंग, वापरीत. तो कोरडा घांसला तर विषारी धूळ उडते व ती लहान मुलांस विशेष बाधक ठरते.

जिंतूरच्या एखाद्या घरांत माळ्यावर जुनी रंगीत पेटी निघाली, तर आधीं ओलसर मऊ फडक्यानें तिची धूळ हलकेच टिपावी आणि खालीं काय आहे तें पाहावें. जुनें दिसण्यासाठीं तिला रंगाची गरज नाहीं. तें काम तिच्या घरच्या माणसांच्या हातांनीं केव्हांच केलेलें असतें.