टॉनिकच्या बाटलीचा खटला

सुट्टीत मुंबईला गेलात की रस्त्याकडेला ‘परमिट रूम’ अशी पाटी दिसतेच. इथे अमेरिकेत वाढलेली आपली मुलं हमखास विचारतात, परमिट कसलं? त्याचं उत्तर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात आहे. नाव बदललं, पण तो कायदा महाराष्ट्रात आजही आहे. त्याच कायद्याखालचा एक खटला आज ऐका.

काळ बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाचा, गृहमंत्री मोरारजी देसाई. कायदा इतका कडक की दारूच काय, अल्कोहोल असलेलं औषध आणि कोलनसुद्धा त्याच्या तावडीत सापडलं. बलसारा नावाचे एक पारशी गृहस्थ याविरुद्ध कोर्टात गेले. २५ मे १९५१ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: प्यायच्या दारूवर बंदी घालायला सरकार मोकळं आहे, पण औषधं आणि प्रसाधनं या बंदीत येणार नाहीत.

आणि बघा योगायोग. चारच दिवसांनी, २९ मेच्या रात्री साडेनऊच्या सुमारास, कुलाब्याच्या खुस्रो बागेजवळ एका जीपने तिघांना धडक दिली. जीप चालवत होते बेहराम पेसिकाका, परिवहन खात्याचेच सरकारी अधिकारी! त्यांच्या तोंडाला दारूचा वास येत होता, डोळे लाल होते. पण डॉक्टरांनी तपासलं तेव्हा ते सरळ चालत होते, नीट बोलत होते. पेसिकाका म्हणाले, जेवणानंतर मी बी.जी. फॉस घेतलं. हे त्या काळचं टॉनिक, त्यात सुमारे १७ टक्के अल्कोहोल. (तुमच्या आजोबांच्या कपाटातही अशी एखादी ‘ताकदीची’ बाटली असेल, आठवून बघा.)

मॅजिस्ट्रेटनी त्यांना सोडलं. सरकार अपिलात गेलं. उच्च न्यायालयाने बेदरकार गाडी चालवल्याच्या आरोपातून त्यांना मोकळं ठेवलं, पण दारू प्यायल्याबद्दल दोषी ठरवलं. म्हणणं असं, की औषध घेतलं हे आरोपीने सिद्ध करायला हवं होतं.

खरी मेख इथेच आहे. तोंडाला वास येतो, एवढंच पोलिसांच्या हातात. तो वास बंदी असलेल्या दारूचा की परवानगी असलेल्या औषधाचा, हे कोणी दाखवायचं? ओझं आरोपीवर टाकलं तर खोकल्याचं औषध घेणाऱ्या कोणालाही बाटली, चिठ्ठी, साक्षीदार घेऊनच घराबाहेर पडावं लागेल. ओझं सरकारवर टाकलं तर प्रत्येक पिणारा म्हणेल, टॉनिक होतं साहेब! दोन्ही बाजूंना तथ्य होतं, म्हणूनच न्यायाधीशांचंही एकमत होईना. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण आधी तिघांपुढे होतं, तिथून घटनेच्या मुद्द्यासाठी पाचांपुढे गेलं.

सप्टेंबर १९५४ मध्ये सरन्यायाधीश मेहरचंद महाजन आणि आणखी तिघांनी सांगितलं, की कायद्याचा जो भाग घटनाबाह्य ठरला तो नसल्यासारखाच धरायचा. म्हणजे गुन्हा उरला तो फक्त बंदी असलेली दारू पिण्याचा, आणि ती प्यायली हे सरकारने सिद्ध करायचं. न्यायमूर्ती सुधी रंजन दास यांनी वेगळं मत नोंदवलं. पेसिकाका सुटले.

मला मात्र याचा पुढचा भाग जास्त बोलका वाटतो. सरकारने १९५९ मध्ये कायदा दुरुस्त केला. रक्तात ०.०५ टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल सापडलं तर ते औषधाचं होतं हे आता आरोपीनेच दाखवायचं. कोर्टाने सरकारच्या खांद्यावर ठेवलेलं ओझं विधिमंडळाने पुन्हा आरोपीच्या खांद्यावर दिलं, फक्त मधे रक्ताची एक नळी आली. पुढच्याच वर्षी मुंबई राज्याची दोन राज्यं झाली आणि तोच कायदा दोघांकडे गेला. गुजरातेत दारूबंदी टिकली, आपल्याकडे परमिट रूमच्या पाट्या लागल्या.