बेअरिंग गेलं, तर अख्खा टब?
आजची गोष्ट फ्रंट-लोड वॉशिंग मशीनची. १९३७ साली अमेरिकेत बेंडिक्सचं घरगुती ऑटोमॅटिक मशीन आलं. ते इतकं हादरायचं, की जमिनीला बोल्टने आवळावं लागे. पुढे स्प्रिंग आणि डॅम्पर आले, बोल्ट गेले.

पण नंतर बऱ्याच मशीनचे टब स्क्रूऐवजी वेल्ड होऊ लागले. मग आतलं बेअरिंग घरघरलं, की अख्खा टबच बदला! माझ्या मशीनचा टब स्क्रूचा निघाला, म्हणून नवं बेअरिंग आणि सील मी घरीच बसवू शकलो.

युरोपियन युनियनने मार्च २०२१ पासून सुटे भाग किमान १० वर्षं मिळालेच पाहिजेत असा नियम केला. दाराचं रबर तर थेट ग्राहकालाही. त्यामुळे मशीन घेताना एवढं विचाराच: टब उघडतो का?